परत न गेलेली बाटली

दुधाची काचेची बाटली परत करण्यासाठी बनवलेली होती. पहाटे भरलेली घ्यायची, रिकामी झाली की विसळून ठेवायची, दुसऱ्या दिवशी केंद्रावर रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची. घरात तिचा मुक्काम जेमतेम एका दिवसाचा. त्यामुळे आज कुणाच्या शेल्फवर आरेची जुनी बाटली दिसली की ‘केवढ्याला मिळाली?’ याच्याआधी दुसरा प्रश्न पडायला हवा. ही परत का गेली नाही?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि आता फोनवर जुन्या वस्तू विकणाऱ्या पानांवर दुधाची बाटली ‘व्हिंटेज’ या शब्दासोबत येते. तिच्यात मनीप्लांट लावलेला असतो, नाहीतर छोट्या दिव्यांची माळ सोडलेली असते. कॅफेत ती टेबलावर फुलदाणी म्हणून असते. या छंदाला माझा विरोध नाही. जुन्या वस्तू जपणारी माणसं आपल्याकडे कमीच आहेत. पण छंद हे सुद्धा एक प्रकारचं वाचन असतं. संग्राहक वस्तू निवडतो, मांडतो, तिच्याखाली दोन ओळी लिहितो, म्हणजे तो आपल्याला भूतकाळाची एक आवृत्ती देतो. पुस्तकाची समीक्षा होते तशी त्या आवृत्तीचीही व्हायला हवी. मला ती चिकलठाण्याच्या बाजूने करायची आहे. मुंबईतून ही बाटली एक दिसते, इथून वेगळी दिसते.

तीच तीच तीन वाक्यं

दुधाच्या बाटलीबद्दलचं लेखन, मग ते व्हॉट्सॲपवरचं असो की दिवाळी अंकातलं, तीन गोष्टींभोवती फिरतं. पहाटे बाटल्यांचा किणकिणाट. वर जमलेली साय. ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणांच्या मुलांनी केलेल्या माळा. तिन्ही खऱ्या आहेत, आणि ज्यांनी ते अनुभवलं त्यांच्या दृष्टीने मोलाच्याही आहेत. पण तिन्ही गिऱ्हाईकाच्या आठवणी आहेत. बाटली दारात किंवा केंद्रावर पोहोचल्यानंतरच्या. त्याआधी काय झालं हे या लेखनात नसतं.

त्याआधी बरंच काही झालं होतं. मुंबईत दूध शहराच्या पोटातल्या गोठ्यांमधून यायचं. तिथली घाण, दुधातलं पाणी आणि रोज बदलणारे भाव यांवर उपाय म्हणून म्हशी शहराबाहेर न्यायच्या ठरल्या. १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहू लागली, आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. या योजनेमागचा माणूस म्हणजे मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी. म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्वस्त ‘टोन्ड’ दूध तयार करण्याची कल्पना त्यांच्याच नावावर आहे. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना एकत्र मिळाला. यांतलं कुरियन हे नाव आज सगळ्यांना माहीत आहे. खुरोडी हे नाव बाटल्या जमवणाऱ्यांच्या मजकुरातही क्वचितच दिसतं.

ती बाटली या योजनेचं शेवटचं टोक होती. निर्जंतुक केलेलं दूध ठरलेल्या मापाचं, सीलबंद, आणि झाकणावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखू येणारं. दुधाच्या कार्डावर जितक्या बाटल्या लिहिलेल्या तितक्याच मिळणार. केंद्रावर पहाटे वाटपाला बसणाऱ्यांत कितीतरी कॉलेजात शिकणाऱ्या मुली असत. रांगेत मलबार हिलचा नोकर असो की लालबागचा गिरणी कामगार, हातात पडणारी बाटली सारखीच. बाटलीचं सौंदर्य शोधायचंच असेल, तर ते मला इथे दिसतं. तिच्या आकारात काही खास नाही. ती सगळ्यांना सारखी होती, हे खास आहे.

वेगळेपणाचा छंद, सारखेपणाची वस्तू

दुधाच्या बाटल्या जमवण्याचा छंद मुळात अमेरिका आणि ब्रिटनमधला आहे, आणि तिथे त्याला एक तर्क आहे. दुधासाठी खास बाटली तिकडे १८८० च्या दशकात आली. पुढे गावोगावच्या खासगी डेअऱ्यांनी काचेवर आपापली नावं उठवून घेतली. काहींवर चित्रं, काहींवर घोषवाक्यं, काहींवर ‘बाटली आमच्या मालकीची आहे, परत करा’ अशी तंबी. म्हणजे एका जिल्ह्यातल्या बाटल्या जमवल्या की त्या जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या धंद्यांची यादीच तयार होते. तिथला संग्राहक एका अर्थी स्थानिक इतिहासकार असतो.

आपल्याकडे शहराला दूध पुरवणारी मोठी डेअरी सरकारची होती. हजारो बाटल्या, सगळ्या एकसारख्या. एक आरेची बाटली मिळाली की पन्नासावीत नवीन काही कळत नाही. वेगळेपणावर चालणारा छंद आपण सारखेपणासाठी घडवलेल्या वस्तूला लावला, आणि मग त्यात वेगळेपण आणण्यासाठी दिव्यांची माळ घालावी लागली.

इथे पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण येते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने अडकित्ते, दिवे, वाद्यं, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. राजा या दिवंगत मुलाच्या नावाने संग्रहालय उभारलं आणि पुढे ते शासनाला देऊन टाकलं. रोजच्या वापरातली वस्तू संग्रहालयात ठेवण्याच्या लायकीची असते, हे महाराष्ट्राला त्यांनी शिकवलं. पण केळकरांचा प्रत्येक अडकित्ता दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे, कारण कुणा कारागिराने तो हाताने घडवला. कारखान्यातून आलेल्या वस्तूला ही नजर पुरत नाही. साच्यातल्या बाटलीत कारागिराचा हात शोधून सापडणार नाही. तिच्यात शोधायचा असतो तो वापर.

आणि वापर दिसतो. फेऱ्या मारून मारून बाटलीच्या खांद्यावर आणि बुडाजवळ काच घासली जाते, दोन धुरकट कडी उमटतात. तारेच्या क्रेटमध्ये शेजारच्या बाटलीवर, धुण्याच्या यंत्रात, केंद्राच्या फळीवर घासून घासून ती आलेली असतात. बाटली जितकी जास्त घरं हिंडली, तितकी ती कडी जाड. संग्राहकांच्या बाजारात मात्र या खुणा दोष ठरतात. चकचकीत, एकही ओरखडा नसलेल्या बाटलीला भाव जास्त. म्हणजे जिने काम केलं तिची किंमत कमी आणि जी फारशी फिरलीच नाही तिची जास्त. या छंदातली खरी गफलत मला इथे दिसते. बाटलीचं चरित्र तिच्या ओरखड्यांत आहे, आणि बाजार नेमके तेच पुसलेले मागतो.

चिकलठाण्याला बाटली कुठे होती?

आता इकडे येऊ. चिकलठाणा म्हटलं की बाहेरच्या माणसाला विमानतळ आणि एमआयडीसी आठवते. पण त्या दोघांच्या आधीपासून इथे गाव आहे, काळी जमीन आहे, गायी-म्हशी आहेत. छत्रपती संभाजीनगर शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडलं. या पट्ट्यातलं दूध कशातून शहरात गेलं? सायकलच्या आणि पुढे मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना लटकवलेल्या कॅनमधून. घरात चरवीतून. दारात मापातून.

म्हणून इथल्या तरुणाने ‘आपल्या आजोबांच्या काळची दुधाची बाटली’ म्हणून मुंबईहून मागवलेली आरेची बाटली मांडली, तर तो दुसऱ्याच्या आजोबांची आठवण विकत घेतोय. त्याच्या आजोबांकडे रतीब होता. रतीब हा शब्द नीट ऐकून बघा. त्यात वस्तू नाही, नातं आहे. ठरलेलं घर, ठरलेलं माप, ठरलेली वेळ, आणि महिन्याच्या शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडलेला हिशेब. खाडा झाला की चौकटीत फुली. सण असला की जास्तीचं अर्धा लिटर. गवळी आणि घर यांच्यात भांडणं व्हायची, बहुतेक पाण्यावरून. ‘आज पातळ वाटतंय’ हे वाक्य महाराष्ट्रात किती उंबऱ्यांवर बोललं गेलं असेल!

या नात्याची वस्तू होती लांब दांड्याचं माप. त्याच्याकडेही इतिहास आहे. १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान वजनमापं आणायचं ठरलं आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शेर-पावशेर जाऊन लिटर आलं. माप सरकारी निरीक्षकाकडून तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. म्हणजे पत्र्याच्या त्या साध्या भांड्यावरही सरकार होतंच, पण फक्त शिक्क्यापुरतं. बाकीचा व्यवहार माणसांचा. माप भरून ओतल्यावर गवळी वरून एक धार सोडायचा. ती धार कुठल्याच कायद्यात नव्हती. लहान मूल घरात असलं की ती जरा मोठी व्हायची, उधारी थकली की बारीक.

बाटलीने ही धार संपवली. मापावरचा वादही तिने संपवला. बाटलीत पाणी घालता येत नाही, माप मारता येत नाही. विश्वास गवळ्याच्या चेहऱ्यावरून उठून झाकणावर गेला. हे चांगलं झालं की वाईट? मला वाटतं, बऱ्याच अंशी चांगलं. वरची धार आठवताना माप मारणारा हातही आठवायला हवा, आणि न तापवलेल्या दुधाने आजारी पडणारी मुलंही. रतीबाचं गोडगोड चित्र रंगवणं म्हणजे बाटलीच्या जागी चरवी ठेवून तोच खेळ खेळणं. मुद्दा एवढाच की दोन वेगळ्या व्यवस्था होत्या, आणि आपण त्यांतल्या एकीची वस्तू दुसरीच्या गावात आणून तिला ‘आपला वारसा’ म्हणतोय.

इथेही सरकारी दूध योजना होती. जालना रोडवरच्या एका सिग्नलला लोक अजून ‘दूध डेअरी’ म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं. या शहराच्या दुधाच्या इतिहासाची सर्वांत जास्त वापरात असलेली वस्तू हीच असावी, एका चौकाचं नाव. ती शेल्फवर ठेवता येत नाही, म्हणून जमवणाऱ्याच्या नजरेत भरत नाही.

दुसरी बाटली

मराठीत नुसतं ‘बाटली’ म्हटलं की दूध आठवत नाही. ‘त्याला बाटलीची सवय’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर महाराष्ट्रात बायका मतदान करतात, तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. आडवीला मत म्हणजे दुकान बंद. भाषेत दुधाची बाटली कधीच या बाटलीच्या पुढे गेली नाही.

आणि गंमत अशी की परत जाणारी काचेची बाटली इथून संपलेलीच नाही. या शहराच्या औद्योगिक पट्ट्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत. बिअरची रिकामी बाटली भंगारवाल्याकडे जाते, पोत्यांत भरून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून निवडून कारखान्याकडे, धुऊन पुन्हा भरून दुकानात. तिच्या काचेवरही तीच धुरकट कडी असतात. जी व्यवस्था ‘गेली हो ती’ म्हणून आपण दुधाच्या बाटलीपुढे उसासे टाकतो, तीच व्यवस्था आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर रोज चालू आहे. पण तिचे कुणी फोटो काढत नाही. ती अजून ‘व्हिंटेज’ झालेली नाही, आणि ती चालवणारा माणूस आपल्याला इतिहासाचा भाग वाटत नाही.

याला जोडून पाण्याचा प्रश्न येतो. आज काही शहरांत ‘थेट फार्मवरून’ आलेलं महागडं दूध पुन्हा काचेच्या बाटलीत मिळतं आणि जाहिरातीत काच म्हणजे पर्यावरण असं समीकरण असतं. परत येणारी प्रत्येक बाटली गरम पाण्याने आणि कॉस्टिक सोड्याने धुवावी लागते, मग स्वच्छ पाण्याने विसळावी लागते. हे गणित मुंबईत बसून मांडणं वेगळं आणि मराठवाड्यात मांडणं वेगळं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायचा आदेश दिला. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येतं, तिथे ‘काच चांगली, प्लास्टिक वाईट’ एवढं वाक्य पुरत नाही. काच किती वेळा फिरते, किती लांबून येते, धुवायला पाणी कुठलं, हे विचारल्याशिवाय बाटली हिरवी होत नाही.

पिशवीचे पन्नास पैसे

बाटली गेली याला कारणं होती. काच जड असते. भरलेला ट्रक जातो तसा रिकाम्या बाटल्यांचा ट्रक परत आणावा लागतो. फुटतूट होते, धुण्याचा खर्च असतो. प्लास्टिकची पिशवी काही ग्रॅमची, एकदा गेली की गेली. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ने गावातलं दूध टँकरने महानगरांत आणायला सुरुवात केली. दुधाचा ओघ वाढत गेला आणि बाटली तो पेलू शकली नाही. पिशवीने दूध अशा गल्ल्यांत नेलं जिथे बाटली कधी पोहोचली नसती. चिकलठाण्याच्या चहाच्या टपरीवर दूध सीलबंद आलं ते पिशवीतूनच. त्यामुळे बाटलीवर प्रेम करताना पिशवीला खलनायक करणं सोपं असलं, तरी खरं नाही.

पण पिशवीत एक गोष्ट हरवली: परत करण्याची जबाबदारी. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सूट देताना एक अट घातली होती. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको, आणि ती परत घेताना गिऱ्हाईकाला किमान ५० पैसे मिळावेत. कल्पना जुन्या बाटलीचीच होती, अनामत ठेव आणि परत दे. तुमच्या घरात रोज येणाऱ्या पिशवीचे ५० पैसे तुम्ही कधी मागितलेत? दुकानदाराने कधी देऊ केलेत? बाटलीच्या काळात रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नव्हती, म्हणून सगळे शिस्तीचे होते. लोक तेव्हा जास्त चांगले होते असं काही नाही. व्यवस्थाच अशी होती की चांगलं वागणं सोयीचं पडे. ‘तेव्हाची माणसंच वेगळी’ म्हणणाऱ्या आठवणींना माझा हाच आक्षेप आहे. त्या व्यवस्थेचं श्रेय स्वभावाला देतात, आणि मग व्यवस्था पुन्हा उभी करण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

रिकामी वस्तू

संग्रहातली बाटली नेहमी रिकामी असते. हे उघड आहे, पण त्याचा परिणाम उघड नाही. रिकाम्या बाटलीत दूध नसतं, म्हणून दुधाचा भावही नसतो, म्हशीचा चारा नसतो, फॅट आणि एसएनएफ मोजणारं यंत्र नसतं. १ जून २०१७ ला पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपात दूध रस्त्यावर ओतलं गेलं. २०१८ च्या जुलैत मुंबईचं दूध अडवलं गेलं, मागणी होती लिटरमागे पाच रुपयांची. २०२४ मध्ये सरकार गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान देत होतं, म्हणजे प्रश्न तिथेच होता. आपल्या पिढीने दुधाचं पाहिलेलं सगळ्यांत मोठं दृश्य बाटलीचं नाही, डांबरावरून वाहणाऱ्या पांढऱ्या ओघळाचं आहे. ते कुठल्याच संग्रहात बसत नाही.

‘आरे’ या शब्दाचंही तसंच. आज विशीत असलेल्यांना आरे म्हटलं की दूध आठवत नाही, ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तोडलेली दोन हजारांहून जास्त झाडं आठवतात. त्या जंगलातले आदिवासी पाडे दूध वसाहतीच्या आधीपासून तिथे आहेत. शहराला स्वच्छ दूध मिळावं म्हणून जी जमीन घेतली गेली, तीच जमीन पुढे शहराला मेट्रोसाठी हवी झाली. काचेवर हे काही लिहिलेलं नाही. ते संग्राहकाने लिहायचं असतं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बाटली जमवायची असेल तर जमवा, पण एकटी ठेवू नका. तिच्या शेजारी गवळ्याचं शिक्का मारलेलं माप ठेवा, फुल्या मारलेलं कॅलेंडरचं पान ठेवा, डेअरीत दूध घातल्याची फॅट-एसएनएफ लिहिलेली शेतकऱ्याची पावती ठेवा, आणि आज सकाळी कापलेली पिशवीही ठेवा. चिकलठाण्यात या चार वस्तू अजून फुकट मिळतात. आणखी वीस वर्षांनी त्यांनाही कुणीतरी ‘व्हिंटेज’ म्हणेल आणि मग विकत घ्याव्या लागतील. बाटली घासलेली असेल तर ती कडी पुसू नका. खाली चिठ्ठी लावायची असेल, तर किंमत नको. ती कुणाला परत जायची होती, तेवढं लिहा.